वरचं तावदान हलत नाही

आमचं न्यू जर्सीतलं घर १९३८ सालचं आहे, हे वाक्य नवरा दोन सुरांत म्हणतो. घर घेतलं त्या उन्हाळ्यात त्याचा सूर असा होता, की ते ओकचं फ्लोअरिंग त्याच्या पणजोबांनीच घातलंय. जानेवारीत हीटिंगचं पहिलं बिल आलं आणि सूर उतरला. आता तो "अडतीस सालचं आहे हो," एवढंच म्हणतो आणि खिडक्यांकडे बघतो.

खिडक्या चौदा. सगळ्या लाकडी, सगळ्या मूळच्या, आणि वयोमानानुसार प्रत्येकीला काही ना काही झालेलं. दिवाणखान्यातल्या दोघी वाऱ्यानं खडखडायच्या. जिन्यातली उघडायचीच नाही. बाथरूममधली उघडायची ती तिरकी, मग बंद करायला दोन माणसं लागायची. झोपायच्या खोलीतली सहज उघडायची, पण उघडी राहायची नाही. वर सरकवलेलं तावदान घटकाभर विचार करायचं आणि धाडकन खाली यायचं. त्याला मी लाटण्याचा टेकू दिला होता. लाटणं अगदी मापाचं निघालं, त्यामुळे पोळ्यांना दुसरं आणावं लागलं. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानदारानं "जुनं मोडलं का?" म्हणून विचारलं. "नाही, खिडकीत आहे," ह्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही.

ज्यांनी ह्या जातीची खिडकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे खिडकीच्या झडपा दारासारख्या बिजागरीवर उघडतात, नाहीतर हल्लीच्या फ्लॅटमध्ये आडव्या सरकतात. इथे एका चौकटीत दोन तावदानं, एक वर आणि एक खाली, आणि ती उभी सरकतात. दोन्ही सरकत असतील तर खिडकी डबल हंग. खालचं तेवढं सरकतं आणि वरचं चौकटीत कायमचं बसवलेलं असेल, तर सिंगल हंग. आमच्या खिडक्या जन्मानं डबल हंग होत्या. पण सत्त्याऐंशी वर्षांत जो जो मालक आला त्यानं त्यानं हौसेनं रंग काढला, आणि त्या थरांखाली वरची चौदाच्या चौदा तावदानं चौकटीला चिकटून गेली. कागदोपत्री डबल, व्यवहारात सिंगल. अशी काही जोडपीही माझ्या पाहण्यात आहेत, पण तो विषय वेगळा.

ह्यावरूनच नवऱ्याचा सिद्धान्त निघाला. "वरचं तावदान आपण आजवर एकदा तरी उघडलंय? नाही ना? मग ते उघडण्याचे पैसे कशाला मोजायचे? सिंगल हंग घेऊ." सिंगल हंग स्वस्त पडते. हलणारे भाग कमी, त्यामुळे बिघडणारे कमी आणि वारा शिरायच्या फटीही कमी. माझी ह्याला काही हरकत नव्हती. हरकत घ्यायला चिपळूणहून आई आली.

गणपती आटोपून, आठळ्या आणि कोकमं घेऊन ती आली आणि तिनं घर बघितलं ते खिडक्याखिडक्यांनी.

"अगं, गज कुठायत?"

"इथे गज नसतात, आई."

"कोणाकडेच नसतात?"

"कोणाकडेच."

त्यावर ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिची पर्स उशाखाली आणि पासपोर्ट पर्सच्या आत पिशवीत होता. मग ती आमच्या खोलीत आली, खिडकीतलं लाटणं तिनं बघितलं, काढलं, तावदान धाडकन आलं, आणि तिचा चेहरा उजळला. "ही तर गाडीची खिडकी!"

खरंच की. आपल्या रेल्वेच्या साध्या डब्यातल्या खिडकीला अशाच दोन झडपा असतात, काचेची एक आणि पत्र्याच्या पट्ट्यांची एक. त्या वर ढकलायच्या आणि बाजूचे खटके बसले की नाही ह्यावर प्रवासभर बोटांचं भवितव्य अवलंबून. लहानपणी आईबरोबर केलेल्या प्रत्येक प्रवासात मी तिच्या तोंडून गावांच्या नावांपेक्षा "बोटं!" हा शब्द जास्त ऐकला आहे. आता न्यू जर्सीत कोणीही खिडकीपाशी गेलं, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा: "बोटं!" जावयाला एकेरीत ओरडता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी "अहो, बोटं!"

तर नवरा खिडक्या निवडायला लागला. माझा नवरा कोणतीही वस्तू आधी एक्सेलमध्ये घेतो आणि मग घरात. इथे प्रत्येक नव्या खिडकीच्या काचेवर एक लेबल चिकटवलेलं असतं आणि त्यावर आकडे असतात. यू-फॅक्टर म्हणजे घरातली ऊब खिडकीतून किती वेगानं बाहेर जाते ते. सोलर हीट गेन म्हणजे उन्हातली उष्णता किती आत येते ते. उजेड किती येतो त्याचा एक आकडा, आणि फटींतून वारा किती शिरतो त्याचा एक. नवऱ्याच्या तक्त्यात ह्या प्रत्येकाचा स्वतंत्र रंग होता. रात्री जेवणं झाली की तो आम्हाला लॅपटॉप वळवून दाखवायचा.

"आई, हा यू-फॅक्टर. जितका कमी तितकी खिडकी चांगली."

"शून्य मिळत नाही का?"

"शून्य कसा मिळेल?"

"भिंत बांधा की."

मी हसले, पण मग त्या लेबलाकडे पुन्हा बघितलं. खिडकी किती हलक्या हातानं उघडते ह्याचा रकाना त्यावर नाही. उघडल्यावर किती वारा येतो, ह्याचाही नाही. लेबलावर आहे ते सगळं बंद खिडकीचं चारित्र्य. इथे खिडकीचे पैसे मोजतात ते ती बंद किती छान होते ह्याचे.

आमच्या चिपळूणच्या जुन्या घराच्या खिडकीला काचच नव्हती. चिऱ्याची हातभर जाड भिंत, सागाची चौकट, पाच उभे गज आणि दोन झडपा. झडपा सकाळी केर काढायच्या आधी उघडायच्या आणि तिन्हीसांजेला डास शिरायच्या आत लावायच्या. मधल्या वेळात लावायच्या त्या फक्त पावसाची झड आली तर, आणि तेही वाऱ्याची दिशा बघून. आषाढात लाकूड फुगायचं, मग उघडणं आणि मिटणं दोन्ही झडपेच्या मर्जीवर. त्या खिडकीतून उजेड यायचा, वारा यायचा, मांजर यायचं, पोस्टमनचा हात यायचा. शेजारच्या काकूंकडून विरजण यायचं, आणि दोन गजांमधून कलती न करता जाईल एवढ्याच मापाची वाटी दोन्ही घरांत त्यासाठी राखून ठेवलेली असे. हळदीकुंकवाचं बोलावणं, उसनी साखर, चुगली, स्थळाची चौकशी, सगळं पाच गजांतून. मज्जाव होता तो फक्त चोराला.

आणि आमच्या दिवाणखान्यात बसलेल्या त्या सेल्समनची यादी ऐका. थंडी आत येणार नाही. ऊन आत येणार नाही. अतिनील किरण येणार नाहीत, सोफ्याचा रंग उडणार नाही. धूळ नाही, परागकण नाहीत, शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राचा आवाज नाही. चोराचं नाव त्या यादीत नव्हतं.

हा सेल्समन एका मोठ्या कंपनीचा होता आणि त्याला घरी बोलवायची कल्पना नवऱ्याची. येताना त्यानं एक पेटी आणली. पेटीत एक प्रखर दिवा आणि काचांचे तीन नमुने. साध्या काचेमागे हात धरायला लावला, चटका बसला. मग लेप दिलेल्या काचेमागे धरायला लावला, काहीच जाणवेना. काचेवर चांदीचा, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ थर असतो म्हणे, तो उष्णता परतवतो. आईनं दोन्ही काचांमागे हात धरून पाहिला आणि मला विचारलं, "पण हिवाळ्यात ऊन नको का ह्यांना?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. सेल्समन थबकला. हा प्रश्न रास्त आहे, हे मला नंतर कळलं. थंडीच्या मुलखात दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन येऊ देणं फायद्याचं ठरू शकतं आणि त्यासाठी वेगळ्या लेपाची काच मिळते. त्या वेळी मात्र तो घाईघाईनं दोन काचांमधल्या वायूकडे वळला. काचांच्या मधल्या जागेत आर्गॉन भरलेला असतो, तो साध्या हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो.

"गॅस?" आई सावरून बसली. "फुटली काच तर?"

"आई, तो घातक नसतो," नवरा म्हणाला. "आपल्या आजूबाजूच्या हवेत असतोच. शंभरात जवळजवळ एक भाग."

"मग विकत का घेताय?"

नमुन्यांच्या पेटीतली शेवटची काच बाहेर आली तेव्हा मात्र आई पुढे सरसावली. तीत उभे-आडवे पांढरे गज होते. "हे बघ! आहेत की!" तिनं हात लावायला बोट पुढे केलं तर बोट काचेवर आपटलं. गज दोन काचांच्या मध्ये बंद, रिबिनीसारखे चपटे, पोकळ पत्र्याचे. पूर्वी मोठी काच महाग पडायची म्हणून लहान लहान तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून तावदान करायचे. आता अख्खी काच मिळते, पण घर जुनं दिसावं म्हणून पट्ट्यांचं सोंग आत भरतात, आणि त्याचे पैसे वेगळे. आईनं ती काच आडवी धरून बघितली, उभी धरून बघितली आणि टेबलावर पालथी ठेवली. चोराला थोपवू न शकणारा गज तिच्या लेखी गुन्हेगारच होता.

मग किंमत. चौतीस हजार डॉलर. आईनं मनातल्या मनात अठ्ठ्याऐंशीनं गुणलं. हा गुणाकार ती आल्यापासून कोथिंबिरीच्या जुडीवर सराव करत होती, त्यामुळे उत्तर सेल्समनचं वाक्य संपायच्या आत आलं. "तीस लाख! अगं, तेवढ्यात चिपळुणात फ्लॅट येतो. खिडक्यांसकट."

आम्ही काही बोललो नाही. तरी किंमत उतरली. सणाची सवलत म्हणून उतरली. मग शेजाऱ्यांना आमच्या अंगणातली पाटी दिसेल म्हणून उतरली. मग त्यानं फोन लावला, मॅनेजरशी कुजबुजला, आणि आज रात्री सही केली तर म्हणून पुन्हा उतरली. आई हे बघत होती आणि अस्वस्थ होत होती. चिपळूणच्या मासळी बाजारात तिनं उभं आयुष्य घासाघीस केली आहे. सुरमईचा भाव अर्ध्यावर आणायचा तर आधी तोंड वाकडं करायचं, मग मासळीच्या कल्ल्यांबद्दल शंका काढायची, मग चार पावलं पुढे जायचं आणि मागून हाक येईपर्यंत वळायचं नाही. इथे समोरचाच आपला आपण खाली येत होता. तिला एकही चाल खेळायला मिळेना. शेवटी न राहवून ती उठली आणि नेमकी चार पावलं चालून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सेल्समननं आणखी अडीच हजार कमी केले.

सही झाली नाही. झाली असती तरी गळ्यापाशी आलं नसतं, कारण घरी येऊन केलेला असला सौदा तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत मोडता येतो, असा इथे पन्नास वर्षांहून जुना केंद्र सरकारचा नियम आहे. ज्या देशाला असा कायदा करावा लागला, त्या देशात ह्या सेल्समनचे पूर्वजही फार पूर्वीपासून फिरत असणार.

नंतर गावातलाच एक कंत्राटदार आला. पेटी नाही, दिवा नाही, कानावर पेन्सिल. त्यानं प्रत्येक चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली, मग दोन्ही कर्ण मोजले, आणि मान हलवली. सत्त्याऐंशी वर्षांत एकही चौकट काटकोनात उरली नव्हती. मी त्याला म्हटलं, आम्हीही राहिलेलो नाही. त्याची किंमत त्या सेल्समनच्या शेवटच्या किमतीच्या निम्म्याहून खाली होती आणि ती रात्र उलटल्यावरही तेवढीच राहिली.

गजांचा मुद्दा त्याच्यासमोर कायमचा निकालात निघाला. झोपायच्या खोलीच्या खिडकीचं उघडं भगदाड किमान ५.७ चौरस फुटांचं हवं आणि तिचा उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांहून वर नको, असं इथली बांधकामाची नियमावली सांगते. आग लागली तर आतल्या माणसाला उडी मारता यावी आणि अग्निशामक दलाच्या जवानाला पाठीवरच्या सामानासकट आत शिरता यावं म्हणून. सिंगल हंगमध्ये तर जेमतेम अर्धीच खिडकी उघडते, त्यामुळे हे माप जास्तच जपावं लागतं.

"म्हणजे मुद्दाम माणूस आत येईल एवढी ठेवतात?" आई.

"आई, घरं लाकडाची आहेत ना. पेटली की पेटली."

आईनं भिंतीवर टिचकी मारून बघितली. आवाज खोक्यासारखा आला. त्यानंतर तिनं गजांचं नाव काढलं नाही, पण चिरा इथे कुठे मिळतो का, हे मात्र विचारलं.

लाकूड, फायबरग्लास की व्हिनाइल, हा खल एका संध्याकाळीत संपला, कारण तो पैशांचा होता. व्हिनाइल. करसवलतीचा जरा लांबला. खिडक्यांच्या खर्चावर तीस टक्के, जास्तीत जास्त सहाशे डॉलर, आणि तेही २०२५ च्या ३१ डिसेंबरच्या आत बसवल्या तर. पुढे ती योजनाच बंद. नवऱ्याच्या डोळ्यांत चमक आली. मग बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं, की सवलत सगळ्यात वरच्या प्रतीच्या खिडक्यांनाच आहे आणि त्या प्रतीला आम्हाला अकराशे डॉलर जास्त पडतील. सहाशे मिळवायला अकराशे! आई म्हणाली, सरकार सगळीकडचं सारखंच. नवऱ्यानं तक्त्यातला तो रकाना जड अंतःकरणानं पुसला आणि आमच्या सांत्वनासाठी इतिहास सांगितला: इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर चक्क कर होता, आणि तो चुकवायला लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकत.

"बघा," आई म्हणाली, "तो तुमचा शून्य."

खरी लढाई सिंगल की डबल, ही. नवऱ्याची बाजू मी सांगितलीच. आईनं तिच्यावर दोन दिशांनी चढाई केली. पहिली दिवाळीकडून. खालचं तावदान आतल्या बाजूला झुकतं, म्हणजे त्याची बाहेरची काच घरात उभं राहून पुसता येते. वरचं कायमचं बसलेलं. मग वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या वरच्या तावदानाची बाहेरची काच दिवाळीला कोण पुसणार? डबल हंगची दोन्ही तावदानं आत झुकतात, सिंगल हंगला शिडी लागते. नवरा म्हणाला, पाऊस पुसेल. आई चिपळूणची. पाऊस काय काय करतो ह्याबद्दल तिला शिकवायची सोय नाही. शेवटी त्यानं तक्त्यात "वरच्या काचा, बाहेरून" असा नवा रकाना पाडला आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. मी तो तक्ता छापून घेतला आहे.

दुसरी चढाई स्वयंपाकघरातून, आणि तिथे त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही. शेगडीवरचा धूर ओढतो, जाळीतून गाळतो आणि कपाळावर परत सोडतो. आई आल्यापासून मिरचीची फोडणी पडली की धुराचा भोंगा केकाटायचा. मग मी खिडकी उघडायला धावायचे, नवरा भोंग्याखाली टॉवेल हलवायचा आणि आई ओरडायची, "अहो, बोटं!" तिनं कंत्राटदाराला खिडकीपाशी नेलं, हातानं धूर कसा वर चढतो ते दाखवलं, मग खालच्या तावदानाकडे बोट दाखवलं. "धूर वर, भोक खाली. ह्याला काय अर्थ आहे?"

तो हसला. दोन्ही तावदानं सरकवायची युक्ती ह्याचसाठी कामाची आहे, म्हणाला. वरचं थोडं खाली ओढायचं, खालचं थोडं वर करायचं. गरम हवा वरून निघून जाते आणि गार हवा खालून येते. वातानुकूलन नव्हतं तेव्हा घरं अशीच गार ठेवत. आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मला शाळेतलं प्रगतिपुस्तक आठवलं. नवऱ्यानं शेवटचा डाव म्हणून सांगून पाहिलं, की थॉमस जेफरसनच्या माँटिचेलोच्या घरात तर तीन-तीन तावदानांच्या खिडक्या आहेत, खालची दोन वर केली की माणूस उभ्यानं बाहेर जातो, मग काय आपणही तशा घ्यायच्या? आई म्हणाली, "दार का नाही लावलं मेल्यानं?"

तेरा सिंगल, एक डबल. ठरलं.

काम सुरू झालं त्या दिवशी घराला प्लॅस्टिकचे पडदे लागले आणि माणसं पांढऱ्या पोशाखात, तोंडाला मास्क लावून आली. घरगुती रंगात शिसं घालायला इथे १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घराच्या खिडक्या काढायच्या म्हणजे धूळ उडू न देता काढायच्या, आणि ते काम शिकलेल्या, परवानाधारक माणसांनीच करायचं. आई चहाचा ट्रे घेऊन प्लॅस्टिकच्या अलीकडे उभी, ती माणसं पलीकडे. शेवटी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पोशाख उतरवून, हात धुऊन चहा घेतला. त्यांतले दोघे इक्वेडोरचे होते. आईच्या ठेच्याला त्यांनी मान डोलावली ती शिष्टाचाराची नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी ते वाटी घेऊन आले.

जुन्या चौकटी फोडल्यावर तावदानं का पडत होती ते दिसलं. चौकटीच्या दोन्ही अंगांना उभी पोकळी, वर कप्पी, आणि तीवरून दोरीला टांगलेलं बिडाचं वजन. तावदान वर जातं तेव्हा वजन भिंतीच्या पोटात खाली उतरतं, असा तो तोल. आमच्या खोलीतल्या दोऱ्या केव्हाच कुजून तुटल्या होत्या आणि वजनं तळाशी पडून होती; त्यांचं काम लाटणं करत होतं. नव्या खिडक्यांत दोरीही नाही आणि वजनही नाही, बाजूच्या पट्टीत लपवलेल्या स्प्रिंगा तावदान पेलतात. ती रिकामी पोकळी म्हणजे थंड वाऱ्याचा राजमार्ग होता, त्यांनी ती उष्णतारोधक लोकरीनं भरून टाकली.

आईचं लक्ष त्या वजनांवर. लांबट, गोल, हाताला भरीव, वर दोरीचं भोक. "दोन ठेवून घे. पनीर दाबायला, लोणच्यावर ठेवायला. घासून लख्ख होतील." कंत्राटदारानं नको म्हणून सांगितलं, त्यावर शिशाची धूळ असते. मी मराठीत सांगितलं. आईनं ऐकलं असं दाखवलं. तिच्या परतीच्या बॅगेचं वजन विमानतळावर जास्त भरलं तेव्हा एक वजन बाहेर निघालंच.

खिडक्या बसल्या. पहिली रात्र इतकी निःशब्द होती, की आम्हाला झोप येईना. खडखडाट नाही, वाऱ्याची शीळ नाही. तावदान एका बोटानं वर जातं आणि जिथे सोडावं तिथे थांबतं. हिवाळ्याचं बिल खरोखरच उतरलं. नवऱ्यानं ते फ्रीजवर लावलं. आईला एकच खोड सापडली. नव्या कोऱ्या खिडकीच्या चौकटीला बाहेरून खाली बारीक भोकं. तिनं ती तळमजल्याच्या सगळ्या खिडक्यांना मोजून पाहिली, कंत्राटदारानं फसवलं असं ठरवलं आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून कापसाचे बोळे ठासून बसवले. नोव्हेंबरातला पहिला मोठा पाऊस आला तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीत तळं साचलं. ती भोकं चौकटीत आलेलं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. बोळे चिमट्यानं काढताना नवरा काही बोलला नाही, आणि हे त्याचं न बोलणं आई अजून कौतुकानं सांगते.

पण घर आता घट्ट बंद झालं. पूर्वी फटींतून काय काय निघून जात होतं ते आता कळायला लागलं. दुपारची मेथीची भाजी रात्रीच्या पाहुण्यांना दारातच भेटायची. फोडणीचा ठसका जिना चढून वरच्या मजल्यावरच्या कपाटात, नवऱ्याच्या ऑफिसच्या कोटात. एका सोमवारी त्याच्या मीटिंगमध्ये कोणीतरी "इथे जेवण मागवलंय का?" असं विचारलं म्हणे. म्हणजे सगळा खटाटोप बंद करण्यासाठी आणि आता डिसेंबरात, बाहेर उणे आठ असताना, आई झाऱ्याचं टोक वरच्या तावदानाच्या कडेवर दाबून ते वीतभर खाली ओढते, खालचं वीतभर वर करते आणि निवांत फोडणी देते. धूर वरून जातो, गार हवा खालून येते, हीटर खाली तळघरात जीव तोडून जळतो. नवरा मधोमध उभा राहून यू-फॅक्टरचं काय झालं असेल ह्याचा हिशोब करतो.

चिपळूणला बहिणीला फोन करून आईनं सांगितलं, "छान झाल्या गो खिडक्या. सगळ्या बंद होतात. एकच उघडते, ती मी घेतलीय."

ती परत गेल्यावर नवऱ्यानं नियम केला. स्वयंपाकघरातली खिडकी उघडायची ती चार इंचच, चार इंचांवर अडवणारा खटका तिला आहेच. कोणत्या पदार्थाला किती मिनिटं, हे त्यानं तक्त्यात मांडलं आहे. पिठल्याला पाच. मिरचीच्या फोडणीला आठ. खिम्याला दहा, पण बाहेर शून्याच्या वर असेल तरच. सुक्या बोंबलाचा अर्ज मी केला आहे, आणि चिपळूणहून त्यासाठी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिफारस येते, तरी तो अजून विचाराधीन आहे.